डावखुऱ्याचं कार्ड

“या खोक्याला डोळा लावा वैनी,” डॉक्टर म्हणाले, “आणि मला सांगा, हे काय आहे.”

बुटांचं रिकामं खोकं होतं. आतून काळं कापड डकवलेलं, झाकणाला डोळ्यापुरतं भोक, आणि बाजूच्या फटीतून नोटा तपासायचा जांभळा दिवा आत सोडलेला. मी वाकून बघितलं. अंधारात आमचं क्रिकेटचं कार्ड पडलं होतं आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात, बरोबर सहीच्या जागी, एक पिवळाजर्द डाग चमकत होता. पेटल्यासारखा. बोटाच्या पेराएवढा. साध्या उजेडात त्या जागी किंचित मळकट छटा होती, बाकी काही नाही.

“काहीतरी सांडलं असेल,” मी म्हणाले.

“सांडलेलं असं नेमकं सहीखाली सांडत नाही.” डॉक्टरांनी दिवा बंद केला. “इथं आधी दुसऱ्या कुणाची तरी सही होती. ती औषध लावून उडवलीय आणि वर ही ठोकलीय. बाजारात चालतं असलं.”

मी मान वर केली ती आधी मुक्ताला शोधायला. कुठलीही वाईट बातमी कानावर आली की पोरगी कुठं आहे ते मी आधी बघते, मग बातमीचं काय ते. मुक्ता पलीकडच्या टेबलाशी होती. तिथं पाण्यानं भरलेल्या टबात जुनी पाकिटं भिजत टाकली होती आणि मुलं त्यांच्यावरची सुटी झालेली टपाल तिकिटं अलगद सोडवून वर्तमानपत्रावर वाळत घालत होती. सोडवील त्याचं तिकीट. मुक्तानं बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. डावा हात पाण्यात होता. श्वास नीट चालला होता. एवढ्या लांबून तिच्या खांद्यांवरून मला तो कळायचा.

कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात नाण्यांचं आणि तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जिथं एरवी जेवणाच्या पंगती बसतात तिथं टेबलं मांडून व्यापारी शिवराया, होन, जुन्या नोटा घेऊन बसले होते, आणि एका कोपऱ्यात क्रिकेटची कार्डं. आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पाकिटातून निघायची ती. डॉक्टर बेनाडीकर तिथले जाणकार. धंद्यानं दातांचे डॉक्टर, पण रविवारी दात सोडून कार्डं बघायचे. कपाळावर त्यांचं दातांचं भिंग तसंच चढवलेलं होतं. जाडजूड माणूस, बोलणं मोठ्यांदा. आमचं कार्ड हातात घेतल्या घेतल्या ते खूश झाले होते.

“कुठनं आणलं हे?” त्यांनी विचारलं होतं. “हेमंत डबीर म्हणजे डावखुरा फिरकी गोलंदाज. आणि इथं बघा, उजव्या हातानं टाकतोय. फोटो उलटा छापलाय लेकांनी. शर्टाची बटणांची पट्टी बघा की, बायकी बाजूला गेलीय. कंपनीच्या लक्षात आलं आणि त्यांनी पुढची सगळी सुधारून काढली. ही उलटी फार थोडी बाहेर पडली. मी दोनदाच बघितलीत.”

मग त्यांनी सही बघितली, भिंग खाली ओढलं, आणि त्यांचं बोलणं कमी झालं. सही छापील नाही, पेनाचीच आहे, इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी खोकं काढलं.

हा सगळा खटाटोप कार्डाची किंमत काढायला चाललाय असं डॉक्टरांना वाटत होतं, मुक्तालाही तसंच वाटत होतं. माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत. त्यांना काय वाटत होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मात्र आले होते नवऱ्याचा शब्द तपासायला.

धैर्यशील शारजात एका हॉटेलात नोकरीला होता. जाताना म्हणाला होता, फ्रंट ऑफिसला घेतलंय. तिथून आलेल्या पहिल्या फोटोत त्याच्या मागं कपडे धुवायची यंत्रं दिसत होती. दोन खोल्यांचं घर मिळालंय म्हणाला, तेव्हा प्रत्यक्षात एका खोलीत चार खाटा होत्या. गणपतीला येतो म्हणाला आणि दिवाळी आली तरी आला नव्हता. तो लबाड नव्हता. असता तर मला निर्णय सोपा गेला असता. त्याला समोरच्याचं तोंड उतरलेलं बघवायचं नाही, म्हणून समोरच्याला हवं ते बोलून टाकायचा आणि मग ते खरं करायला धावत सुटायचा. कधी गाठायचा, पुष्कळदा नाही.

आणि आता तो आम्हाला बोलावत होता. या वेळी खरंच घर घेतलंय, व्हिसाचं झालंय, मुक्तासाठी शाळेत जागा धरून ठेवलीय, सोमवारपर्यंत होय-नाही कळव. मुक्ताला दमा आहे. तिला कुठल्या उशीवर झोप लागते, कुठल्या वासानं धाप लागते, पंप पर्सच्या कुठल्या कप्प्यात असतो, हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी होती, कापडावरचे रंग तपासायची. ती सोडायची, पोरीला उचलायची, आणि वाळवंटाच्या कडेला जाऊन बघायचं की घर आहे की पुन्हा खाटा आहेत. कुणाच्या भरवशावर? त्याच्या इतक्या सगळ्या शब्दांत मला इथं बसून तपासता येईल असा एकच होता. हे कार्ड.

कार्ड मूळचं त्याचंच, शाळेतलं. मुक्ता डावखुरी. शाळेत बाई तिची पेन्सिल उजव्या हातात कोंबायच्या तेव्हा त्यानं तिला या डबीरची गोष्ट सांगितली होती, आणि जाताना कार्ड बरोबर नेलं होतं. त्याच्या हॉटेलात जुन्या खेळाडूंचा एक संघ उतरणार होता, त्यात डबीर होते. सही घेऊनच पाठवतो, असं त्यानं मुक्ताला फोनवर कबूल केलं होतं. दिवाळीत त्याचा मित्र पोवार सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर खजूर आला, अत्तर आलं आणि कार्डही आलं. मुक्ताच्या हातात पडलं तेव्हा वर निळ्या शाईत ऐटबाज सही होती. पाडव्याच्या दिवशी मुक्तानं फोनवर त्याला “थँक्यू बाबा, सही मिळाली” म्हणून सांगितलं, तेव्हा फोन माझ्याही कानाजवळ होता. पलीकडं आधी शांतता होती. मग तो हसला आणि म्हणाला, “मग? सांगितलं होतं ना.”

त्या शांततेनं माझी झोप उडवली. डबीरांनी सही दिली असती तर तो कसा भेटला, काय म्हणाला, कुठलं पेन होतं, हे सगळं धैर्यशीलनं न विचारता तासभर सांगितलं असतं. त्यानं एक अक्षर सांगितलं नाही. माझी खात्री झाली की खोलीत बसून त्यानं स्वतःच सही ठोकलीय.

प्रदर्शनाची बातमी वाचून मीच मुक्ताला म्हणाले, चल, आपल्या कार्डाची किंमत विचारून येऊ. आत्या आधी नको म्हणाल्या. कशाला उगीच, पोरीची वस्तू आहे, बाजारात कशाला दाखवायची. मग निघताना दारात चपला घालून उभ्या. मीही येते म्हणाल्या, अंबाबाईचं दर्शन होईल. दर्शनाला मात्र आम्ही गेलोच नाही. आत्यांनी विषयही काढला नाही.

तर आता डॉक्टर सांगत होते की इथं सही उडवून सही केलीय, आणि हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उत्तर मिळालं होतं. सोमवारी नाही म्हणून कळवायचं. पण सुटल्यासारखं वाटलं नाही. उलट डॉक्टरांचा राग आला.

“औषध लावून म्हणजे काय लावून?” मी विचारलं.

“असतात केमिकलं. तुम्हाला नाही कळायचं ते.”

“मी रंगाच्या प्रयोगशाळेत काम करते डॉक्टर. शाई उडवणारं औषध कागदाला पांढरं करतं, पिवळं नाही. परत बघू द्या.”

मी पुन्हा डोळा लावला. तो पिवळा रंग माझ्या ओळखीचा होता. नुसता पिवळा नाही, हिरव्याकडं झुकलेला, आतून उजेड असल्यासारखा. आमच्या प्रयोगशाळेत अशाच दिव्याखाली आम्ही कापड धरतो. लग्नसराईत परत आलेल्या साड्यांवर असले डाग निघायचे, आणि साहेब ओरडायचे की धुऊनसुद्धा जात नाही म्हणजे आहे तरी काय. मी आत्यांकडं वळले.

“आत्या, लक्ष्मीपूजनाला तुम्ही धैर्यशीलनं पाठवलेलं सगळं पाटावर मांडलं होतं ना? हे कार्डसुद्धा?”

आत्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या. “असेल की,” त्या म्हणाल्या. “आता कुठं आठवतंय.”

पण मला आठवत होतं. खजुराचं पाकीट, अत्तराची डबी, दागिन्यांची पेटी, माझं बँकेचं पासबुक, सगळ्यांना आत्यांनी हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. अत्तराच्या डबीवर तो ठिपका अजून होता. मी त्या वेळी मुक्ताला फटाक्यांच्या धुरापासून लांब ठेवायच्या धांदलीत होते, कार्डाकडं नीट बघितलंही नव्हतं.

“डॉक्टर, ही हळद आहे,” मी म्हणाले. “पूजेची. नंतर ओल्या पदरानं पुसली असणार. कुंकू निघून गेलं, हळद राहिली.”

डॉक्टर हसले. हळदीचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि गिऱ्हाइकं काय काय सांगतात ते त्यांनी खूप ऐकलं होतं. एकजण म्हणे सही फिकी पडू नये म्हणून कार्डाला तूप लावून घेऊन आला होता.

“तुमच्याकडं टाकाऊ कार्ड असेल तर द्या,” मी म्हणाले.

त्यांनी ढिगातलं एक फाटकं कार्ड माझ्यापुढं सारलं, कौतुक बघायच्या सुरात. दारात उद्घाटनाची समई अजून तेवत होती आणि खाली तबकात हळदकुंकू होतं. मी जाऊन बोट बुडवून आले. येता-जाता मुक्ताकडं बघितलं, ती कुठल्याशा राणीचं तिकीट सोडवत होती. कार्डावर बोट टेकवलं, थोडं थांबले, बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला आणि पुसलं. वरून काही उरल्यासारखं दिसत नव्हतं. खोक्यात घालून डॉक्टरांना म्हटलं, बघा.

ते बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी शेजारच्या नाणेवाल्याला हाक मारून त्यालाही बघायला लावलं.

“इतकी वर्षं हा दिवा घेऊन फिरतोय,” ते म्हणाले, “आणि आमच्याच देवघरातली वस्तू मला ठाऊक नाही. वैनी, तुम्ही दर महिन्याला येत चला.”

नाणेवाला म्हणाला, “मग आता माफी मागा त्यांची.”

डॉक्टरांनी खरंच हात जोडले. मी हसले. ज्या माणसाला खोटा ठरवायला मी एवढ्या लांब आले होते, त्याच्या बाजूनं मी गेला पाऊण तास भांडत होते आणि जिंकलेही होते. मी आत्यांकडं बघितलं, त्यांनाही बरं वाटलं असेल म्हणून. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

“झालं ना आता? चल. एसटी जाईल.”

“थांबा मावशी,” डॉक्टर म्हणाले. “हळद म्हणताय, तर मग आता मला सही नीट बघू दे. मघाशी मी त्या डागाच्याच मागं लागलो.”

त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं, कार्ड तिरकं धरलं, मग उलटं करून मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची. नाणेवाला आपल्या टेबलाकडं गेला.

“पूजा झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसलं असं म्हणालात ना?” त्यांनी विचारलं.

“पदरानं. हो ना आत्या?”

आत्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

डॉक्टरांनी खिशातलं निळं जेल पेन काढलं. मी हळद लावली होती त्या फाटक्या कार्डावर, त्याच जागी, त्यांनी स्वतःची सही केली. वाळू दिली. मग माझा ओला रुमाल घेऊन वरून एकदाच फिरवला. सही पसरून निळा फराटा झाला.

“आता तुमचं कार्ड बघा. असल्याच पेनाची शाई. पण कुठं पसरलीय? एकेक रेघ कशी कोरल्यासारखी. पुसताना ही सही तिथं असती तर अशी राहिली नसती.” ते आता हळू बोलत होते. “हळद आधी लागली. पुसलीही आधी. सही त्याच्यानंतरची आहे. आणि मागं कंपनीनं छापलेली सही आहे ना, तिची ही बरहुकूम नक्कल आहे. वळण न् वळण. माणूस स्वतःची सही दोनदा इतकी सारखी करत नाही. वाईट वाटून घेऊ नका. उलट्या छापाचं कोरं कार्ड असतं तर मी आत्ताच्या आत्ता तुमच्या मागं लागलो असतो. खोट्या सहीनं त्याची माती झाली.”

त्यांनी कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून माझ्यापुढं ठेवलं.

मी ते उचललं नाही. डॉक्टरांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं, म्हणून आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलंच नाही. हळद आमच्या घरात लागली होती, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. धैर्यशील जूनपासून घरी आला नव्हता. सही हळदीनंतरची होती. म्हणजे ती शारजात झालीच नव्हती. इचलकरंजीत, आमच्या घरात झाली होती. मी केली नव्हती. मुक्ताचं डाव्या हाताचं अक्षर मला कुठंही ओळखता आलं असतं.

आत्या पुन्हा खुर्चीवर बसल्या होत्या. पिशवीचे बंद त्यांनी इतके घट्ट गुंडाळले होते की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

तेवढ्यात मुक्ता आली. मुठीत ओली तिकिटं होती. तिनं डॉक्टरांनाच विचारलं, खरं आहे का आमचं कार्ड. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मोठ्या माणसांना खडाखडा सांगणारा तो गृहस्थ लहान पोरीपुढं अडला.

“छाप एकदम दुर्मिळ आहे बाळ,” ते म्हणाले. “सगळ्या कोल्हापुरात नसेल कुणाकडं.”

“आणि सही?”

“सही विकता येणार नाही,” मी म्हणाले. “ती फक्त तुझ्यासाठी केलेली आहे. दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही.”

मुक्तानं विचार केला. “मी विकणारच नव्हते,” ती म्हणाली आणि पुन्हा टबाकडं पळाली. मी तिला हळू जा म्हणून सांगितलं. तेवढं तरी मला सुचलं.

मी आत्यांना बाहेरच्या पॅसेजमध्ये घेऊन गेले. लग्नात नवरीची खोली म्हणून देतात तिच्यासमोर. तिथून काचेतून मुक्ता दिसत होती. मला काही विचारावं लागलं नाही.

आत्या भिंतीकडं बघून सांगत होत्या. पोवार येणार त्याच्या आदल्या दिवशी धैर्यशीलचा त्यांना फोन आला होता. त्या दिवशी हॉटेलात डबीरांभोवती एवढी गर्दी होती की कपड्यांची गाडी ढकलत जाणाऱ्या माणसाला कुणी जवळ जाऊ दिलं नाही. कार्ड तसंच परत पाठवतोय.

“म्हणाला, आई, मुक्ताला खरं काय ते सांग. बाबाला जमलं नाही म्हणून सांग. मी बोललो तर माझ्या तोंडून पुन्हा काहीतरी भलतंच निघेल.”

“असं म्हणाले?”

“हेच शब्द.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“कुणाला सांगू? पोरगी पोवारची वाट बघत दिवसभर पायरीवर. आणि तू.” आत्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “तू चकल्या तळताना म्हणालीस, बघा आत्या, सही-बिही काही येणार नाही, आणि या खेपेला मी ऐकून घेणार नाही. माझा हात तसाच पिठात राहिला. म्हटलं, एका सहीपायी हिचं मन उडालं तर माझ्या लेकाचा संसार गेला. पोवारनं आणलेलं पूजेचं म्हणून मी मुक्ताच्या हाती लागू दिलं नाही, आणि पाडव्याला सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा बसले. बालवाडीत जन्म गेला माझा, वृषाली. पोरांचे हात धरून धरून गिरवून घेतलंय. मागं छापलेलं एक नाव बघून काढायला कितीसा वेळ लागतोय?”

“आणि ह्यांना कधी कळलं?”

“मुक्तानं फोनवर थँक्यू म्हटलं तेव्हाच. मागनं मला फोन करून म्हणाला, आई, काय करून बसलीस गं. मी म्हटलं, आता गप्प बस.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “तू आता नाही म्हणून कळवशील. कळव. पण त्याच्यावर नको ढकलूस. हे माझं आहे.”

मी मोबाइलवरून धैर्यशीलला मिस्ड कॉल दिला. बाहेरदेशी बोलायचं तर तशीच रीत होती. मी वाजवून बंद करायचं आणि त्यानं तिकडून लावायचा. आत्या माझ्या हाताला धरून नको नको म्हणत होत्या. मी हात सोडवून घेतला नाही, फोनही ठेवला नाही. काय विचारायचं ते मला नीट ठाऊक होतं. त्याला मी काही सांगणार नव्हते. आत्या काय बोलल्या ते नाही, हळदीचंही नाही. त्याच्या आईनं सांगितलेलं खरं होतं का, ते त्याच्या तोंडून येऊ दे. या खेपेला तरी त्यानं सरळ बोलावं, एवढंच मला हवं होतं. बोलला तर पोरीला घेऊन मी कुठंही गेले असते.

फोन वाजला. मागं यंत्रांची घरघर होती.

“बोल गं,” तो म्हणाला. “मुक्ता बरी आहे ना?”

“बरी आहे. कार्ड घेऊन कोल्हापूरला आलोय आम्ही. इथले एकजण जाणकार आहेत, त्यांना दाखवलं. ते म्हणतात सही खोटी आहे.”

घरघर चालू राहिली. पाडव्याला ऐकली होती तीच शांतता, तेवढीच लांब.

“सही कुणी केली?” मी विचारलं.

“मी,” तो म्हणाला.

मी आत्यांकडं बघितलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“त्या माणसाला गाठताच आलं नाही मला. मग रात्री खोलीत बसलो आणि मागची बघून मारली. पोरीला वाईट वाटेल म्हणून.” तो भराभर बोलत होता. अडखळत नव्हता, नेहमीसारखाच. कुठलं पेन, खाटेवर कसा बसलो, शेजारचा झोपला होता, सगळं रचून सांगत होता. मग त्याचा आवाज खाली आला. “एक ऐक. तुला जे बोलायचं ते मला बोल. पण आईपुढं हे काढू नकोस. तिला वाटतंय सही खरी आहे. तिला नको कळू दे.”

काचेपलीकडं मुक्ता वर्तमानपत्रावर तिकिटं ओळीनं मांडत होती. तिच्या खांद्यांकडं बघत मी उभी राहिले. तो जे सांगत होता त्यातला एकही शब्द खरा नव्हता, आणि तो खरा नाही हे आयुष्यात पहिल्यांदाच मला पुराव्यानिशी ठाऊक होतं. किती सहज बोलत होता. त्या सहजपणाची भीती मला आजही वाटते, अजूनही तो काही सांगायला लागला की मी त्याच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघते. पण त्या दिवशी तो बोलत होता ते स्वतःला वाचवायला नव्हे. हातात आलेली माझी मर्जी तो सोडून देत होता, सोमवार तोंडावर असताना, आणि ते त्याला कळत होतं.

“वृषाली? आहेस ना?”

“आहे.”

“मग? आता नाहीच येणार ना तुम्ही?”

“त्या शाळेत धूळ किती आहे ते आधी बघून ये,” मी म्हणाले. “स्वतः जाऊन बघ. कुणाला विचारून नको. आणि मुक्ताचं नाव घाल.”

त्यानं पुन्हा विचारलं, काय म्हणालीस. मी पुन्हा सांगितलं आणि फोन ठेवला.

आत्यांनी माझा हात अजून धरलेलाच होता. शेवटी म्हणाल्या, “काय म्हणाला?”

“काही नाही आत्या,” मी म्हणाले. “तुमच्यावर गेलेत.”